दोन राइसप्लेटचं नीतिशास्त्र

मुंबईत नातेवाईक असताना हॉटेलात उतरणं हा आमच्या मिरजेकडे गुन्हा आहे. कायद्याच्या पुस्तकात त्याला कलम नाही. पण त्याची सुनावणी पुढच्या लग्नकार्यात होते आणि शिक्षा जन्मभर भोगावी लागते. "तुम्ही काय बुवा, हॉटेलात उतरणारी माणसं!" हे वाक्य ज्याच्या नशिबी एकदा आलं, त्याला पुढे त्या घरात पोहेसुद्धा बशीच्या मध्यावरच मिळतात, काठापर्यंत येत नाहीत. म्हणून चाळीस वर्षं आम्ही मुंबईला गेलो की मुकाट्यानं पार्ल्याच्या मामेभावाकडे उतरत असू. पूर्वी त्याचं घर शोधावं लागत नसे. पार्ल्याला पूर्वेकडे उतरलं की बिस्किटांचा खरपूस वास यायचा. त्या वासाकडे पाठ करून सात मिनिटं चाललं की मामेभावाचा जिना! २०१६ साली तो बिस्किटांचा कारखाना बंद झाला, वास गेला. आणि मागोमाग मामेभावाची इमारतही गेली, म्हणजे रिडेव्हलपमेंटला गेली. विमानतळाशेजारी घर बांधायचं तर विमानांच्या वाटेत येईल इतकं उंच बांधता येत नाही, आणि उंच बांधता आलं नाही तर बिल्डरला परवडत नाही, अशा पेचात ती जागा पडून आहे. मामेभाऊ सध्या मीरा रोडला भाड्यानं राहतो आणि तिथे त्याचीच गादी टाकायची पंचाईत आहे. तेव्हा गेल्या वर्षी आमच्या हातून हॉटेलात उतरण्याचा जो गुन्हा घडला, तो सकारण घडला, हे आधीच नमूद करतो. या लेखात आणखी एक गुन्हा यायचा आहे. त्याला इतकं चांगलं कारण नाही.

आमची मुलगी फ्रँकफुर्टला असते. तिच्याकडे निघालो होतो. विमान पहाटे पावणेतीनचं. परदेशी जाणारी विमानं अशी चोरासारखी मध्यरात्रीनंतर का निघतात, हे मला बरीच वर्षं कोडं होतं. जावयानं त्यातला एक धागा उलगडून दाखवला. फ्रँकफुर्टच्या विमानतळावर २०११ सालापासून रात्री अकरा ते पहाटे पाच विमानांची ये-जा बंद ठेवतात. आसपासच्या लोकांची झोप मोडू नये म्हणून! मग तिथं सकाळी उतरायचं, तर इथून मध्यरात्रीनंतर निघणं आलं. म्हणजे त्यांची झोप मोडू नये म्हणून आपली मोडायची. मी एकतीस वर्षं कॉलेजात नीतिशास्त्र शिकवलं, त्यामुळे असल्या ठिकाणी 'यात न्याय कुठे आहे' असा प्रश्न मला लगेच पडतो. मी नीतिशास्त्राचा प्राध्यापक होतो हे मुद्दाम सांगून ठेवतो. पुढे ते सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, असं मलाच वाटणार आहे.

मध्यरात्रीनंतरच्या विमानात आणखी एक मेख असते. तिकिटावर तारीख बुधवारची आणि घरातून निघायचं मंगळवारी. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ बुधवारी रात्री हारतुरे घालून घेऊन विमानतळावर पोचले, तेव्हा त्यांचं विमान उतरून झोपायला गेलं होतं. ज्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, अशी त्या शब्दाची फोड शास्त्रीबुवा करतात. आमची तिथी ठरलेली होती. फक्त ती नेमकी कुठली, यावर आमचं आणि आमच्या हिचं आठ दिवस एकमत होत नव्हतं. शेवटी हिनं कॅलेंडरवर मंगळवारच्या चौकोनात लाल पेन्सिलीनं विमान काढलं. ते मला बदकासारखं दिसलं, पण वाद मिटला.

रात्रीच्या गाडीनं मिरजेहून निघालो, सकाळी दादरला उतरलो आणि टॅक्सी करून अंधेरी पूर्वेला, सहारच्या बाजूला, शेजारच्या कुलकर्ण्यांनी सुचवलेल्या हॉटेलात दाखल झालो. हॉटेलचं नाव सांगत नाही. त्यात 'इंटरनॅशनल' हा शब्द होता एवढं सांगतो. त्यानं काही उलगडा होणार नाही, कारण त्या भागात पानाची टपरीसुद्धा इंटरनॅशनल असते. हॉटेल चार मजल्यांचं, अरुंद, दोन इमारतींच्या मध्ये लोकलच्या चौथ्या सीटसारखं अंग चोरून बसलेलं. आमच्या खोलीला खिडकी होती. ती उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत हाताला लागायची. मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. आणि तेवढ्यावर दिवसाला नऊशेच्या आसपास विमानं चढतात-उतरतात. म्हणजे दीड-दोन मिनिटाला एक. प्रत्येक विमानाला टेबलावरचा काचेचा पेला किणकिणून सलामी द्यायचा. न्हाणीघरात बादली, तांब्याऐवजी प्लॅस्टिकचा मग आणि पोस्टाच्या तिकिटाएवढा साबण. साबणाला मागच्या बाजूनं गोंद लावलेला असावा असं वाटण्याइतका तो भिंतीला घट्ट चिकटून बसला होता.

खाली काउंटरमागे चार घड्याळं होती. मुंबई, दुबई, लंडन, न्यूयॉर्क. मुंबईचं घड्याळ दहा मिनिटं पुढे होतं. मी ते मालकांच्या निदर्शनास आणून दिलं. प्राध्यापकी गेली तरी खोड जात नाही.

"मुद्दाम ठेवलाय साहेब," मालक म्हणाले. "इथे बसून च्या पिणारा माणूस घड्याळाकडे बघतो आणि घाबरून उठतो. विमान चुकत नाही."

मालकांना सगळे अण्णा म्हणत. उडपीकडचे. साठीचे. कपाळाला गंध, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. त्यांनी रजिस्टर पुढे केलं. हॉटेलचं रजिस्टर हा तत्त्वज्ञानाचा फार उपेक्षित ग्रंथ आहे. आपण कोण? कुठून आलात? कुठे जाणार? येण्याचं प्रयोजन काय? याच चार प्रश्नांवर मी एकतीस वर्षं पगार घेतला आणि एकाचंही उत्तर पोरांना सांगितलं नाही. इथे चार रकाने, प्रत्येकी दीड इंच जागा, आणि पाठीमागे एक केरळी कुटुंब खोळंबलेलं. मी लिहिलं, 'मिरज. फ्रँकफुर्ट. मुलगी.' उपनिषदं इतकी सुटसुटीत असती तर माझे विद्यार्थी पास झाले असते.

तर आता मुद्द्यावर येतो. विमान पावणेतीनचं, तीन तास आधी पोचायचं, म्हणजे रात्री साडेदहाला उठायला हवं. अण्णा म्हणाले, "तुम्ही बिनघोर झोपा. साडेधाला आमचा पोरगा दार वाजवेल." आणि त्यांनी काउंटरखालच्या वहीत लिहून ठेवलं: २०३, साडेदहा.

रात्री आठला आम्ही खोलीतच दोन राइसप्लेट आणि दोन ताक मागवलं. एक पोरगा घेऊन आला. विशी-बाविशीचा, किडकिडीत, अंगात एक माप मोठा असलेला हॉटेलचा शर्ट. सांबार चांगलं होतं. जेवलो, दिवा मालवला, आणि मी बिनघोर झोपायला लागलो. म्हणजे डोळे मिटून घोर लावून घेतला.

कारण बघा. पोरानं दार वाजवलं नाही तर माझं काय जाणार? दोन तिकिटांचे दीड लाख, मुलीचा जीव टांगणीला आणि हिच्याकडून उरलेलं आयुष्य. अण्णांचं काय जाणार? काही नाही. उद्या आम्ही बोंबलत खाली आलो असतो तर त्यांनी आणखी एका दिवसाचं भाडं लावलं असतं. म्हणजे झाला तर फायदाच. कांट नावाच्या जर्मन तत्त्ववेत्त्यानं १७८५ सालच्या एका छोट्या पुस्तकात किराणा दुकानदाराचं उदाहरण दिलंय. दुकानदार लहान पोरालाही रास्त भावानं माल देतो. का? तर तसं केल्यानं गिऱ्हाईक टिकतं. कांट म्हणतो, हे वागणं बरोबर आहे, पण त्याला नीतिमत्ता म्हणू नका. तो धंदा आहे. हे उदाहरण मी एकतीस वेळा शिकवलं. आता विमानतळाजवळच्या हॉटेलाचा विचार करा. इथे गिऱ्हाईक टिकतच नाही. आज आला तो उद्या आकाशात. मग अण्णांनी चांगलं वागण्याचं कारण काय उरलं? तुम्ही म्हणाल, हल्ली फोनवर तारे देतात की! खरं आहे. त्या ताऱ्यांनी सगळ्या जगाची गल्ली करून टाकलीय. कुणी ना कुणी खिडकीतून बघतच असतं. पण आम्ही तारे देणाऱ्यांतले नाही, हे अण्णांना आमच्या होल्डॉलवरूनच कळलं असणार. तेव्हा या माणसाचा भरवसा धरायला कांटच्या दुकानदाराएवढाही आधार नाही, असं सिद्ध करून मी दोन मोबाइलचे गजर लावले, प्रवासी घड्याळाला किल्ली दिली आणि दर दहा मिनिटांनी उठून तिन्ही चालू आहेत ना ते पाहत राहिलो.

"तुम्ही झोपणार आहात का मी खाली जाऊन अण्णांच्या काउंटरवर झोपू?" असं हिनं विचारलं तेव्हा साडेनऊ झाले होते. त्यानंतर मला गाढ झोप लागली. तीन गजरांपैकी एकही ऐकू आला नाही. एका मोबाइलवर मी सकाळचे साडेदहा लावले होते, दुसऱ्याचा आवाज बंद होता आणि प्रवासी घड्याळ सव्वानऊला थांबलं होतं.

दार वाजलं. साडेदहा. दारात तोच पोरगा, हातात दोन कप. "च्या आनलाय काका. गरम हाय तवर घ्या. काकू, सावकाश उठा, टायम हाय." चहा आम्ही सांगितला नव्हता. लिफ्ट बंद पडली होती, तर त्यानं दोन्ही बॅगा डोक्याखांद्यावर घेऊन दुसऱ्या मजल्यावरून खाली आणल्या. टॅक्सी बोलावली. टॅक्सीवाल्यासमोर वही काढून टॅक्सीचा नंबर मोठ्यानं वाचत लिहून घेतला. का, ते मला नंतर लक्षात आलं: नंबर लिहिला की टॅक्सीवाला म्हाताऱ्या माणसांना सहारला सोडताना वाटेत घाटकोपर दाखवत नाही. त्याच्या बोलण्याला आमच्याकडचा हेल होता. तो माझ्या कानाला लागलाही होता. विचारायचं राहिलं.

अण्णा रात्री घरी गेलेले. बिल त्या पोरानंच केलं. हातानं. मी चष्मा लावून पाहिलं. खोलीभाडं दोन हजार चारशे. बस्स. दोन राइसप्लेटचे तीनशे ऐंशी आणि दोन ताकांचे ऐंशी, मिळून चारशे साठ रुपये, लिहायचे राहिले होते.

आता त्या क्षणी माझ्या मनात काय काय आलं, ते क्रमानं सांगतो. एक, जेवण भाड्यात धरलेलं असेल. (नव्हतं. दरपत्रक काचेखाली होतं.) दोन, टॅक्सी उभी आहे. (टॅक्सी उभी राहायचे पैसे घेत नव्हती.) तीन, एवढ्याशा खोलीला दोन हजार चारशे म्हणजे त्यांनी जेवणाचे पैसे आधीच काढलेत. चार, हॉटेलवाल्यांना काय फरक पडतो! एकतीस वर्षांत माझा एकही विद्यार्थी इतक्या कमी वेळात चार मुद्दे मांडू शकला नव्हता. मी दोन हजार चारशे मोजून दिले. वर पन्नासची नोट काढून पोराच्या हातात ठेवली आणि म्हटलं, "घे, तुला." तो लाजला, पाया पडला. मला फार उदार वाटलं. व्यवहारात चारशे दहा रुपये नफा झाला, हा हिशेब त्या वेळी मनात आला नाही असं म्हणायची माझी इच्छा आहे, पण तो आला होता.

टॅक्सीत बसल्यावर ही म्हणाली, "जेवणाचे धरले होते ना हो?"

"धरले असतील," मी म्हटलं.

मराठी भाषेत 'असतील' हे क्रियापद नसतं तर नवरेमंडळींचं कसं झालं असतं कोण जाणे.

विमानतळावर दोन कॉफी आणि एक सँडविच घेतलं. सातशे रुपये झाले. तिथे मी बिल दोनदा तपासलं.

प्लेटोनं एका मेंढपाळाची गोष्ट सांगितलीय. गायजीझ त्याचं नाव. त्याला एक अंगठी सापडते. ती फिरवली की माणूस अदृश्य होतो. मग तो राणीला वश करतो, राजाला मारतो आणि राज्य घेतो. प्रश्न असा की अशी अंगठी मिळाल्यावर कुणी सज्जन राहील का? वर्गात मी पोरांना दरवर्षी विचारायचो, 'तुम्ही काय कराल?' पोरं प्रामाणिक असत. परीक्षेचे पेपर, समोरच्या हॉस्टेलची खिडकी, अशी उत्तरं येत. मग मी गंभीरपणे म्हणायचो, 'सज्जन माणसाच्या बोटात अंगठी असली काय आणि नसली काय!' विमानात बसल्यावर, पट्टा आवळल्यावर, मला एकाएकी लक्षात आलं, की त्या हॉटेलच्या खोलीच्या किल्लीबरोबर माझ्या हातात ती अंगठीच पडली होती. गायजीझनं राज्य तरी घेतलं. मी दोन राइसप्लेट घेतल्या.

मिरजेत मी असा नाही हो! मिरजेत वाण्यानं पाच रुपये जास्त परत दिले तर मी भर उन्हात परत जाऊन दिलेत. पण तो वाणी माझ्या विद्यार्थ्याचा सासरा. त्याच्या दुकानापुढे चार माणसं उभी. परत देताना मी 'हे बघा, तुमचे पाच रुपये जास्त आले' हे वाक्य रस्त्यापलीकडच्या सायकलवाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं होतं. म्हणजे कांटचा दुकानदार अण्णा नव्हते, मी होतो. जन्मभर मी माझ्या चांगुलपणाचं गिऱ्हाईक टिकवत आलो होतो. आणि ज्याच्याकडे चांगलं वागायला काही कारण नाही असं मी गादीवर पडून सिद्ध केलं होतं, त्याचं दार मात्र बरोब्बर साडेदहाला वाजलं होतं.

आमच्या धर्मग्रंथांचीही यात थोडी चूक आहे, असं एक समाधान मी वाटेत करून पाहिलं. पाहुण्याला देव माना, असं तैत्तिरीय उपनिषद सांगतं. आई, वडील आणि आचार्य यांच्या पाठोपाठ पाहुण्याचा नंबर. कठोपनिषदात नचिकेता यमाच्या दारात तीन रात्री उपाशी राहतो. यम घरी नसतो. परत आल्यावर तो यमासारखा यम ओशाळतो आणि रात्रीला एक असे तीन वर देतो. सगळा धाक यजमानाला! पाहुण्यानं कसं वागायचं याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. पण हे समाधान टिकलं नाही. देव मानलेल्यानं बिल पाहून गप्प बसावं असं काही त्यात लिहिलेलं नाही.

फ्रँकफुर्टला नव्वद दिवस राहिलो. व्हिसाच तेवढा असतो. मुलीच्या घराजवळ शेतं आहेत, आणि रस्त्याच्या कडेला फुलांचं एक वावर. ग्लॅडिओला, सूर्यफुलं. राखायला माणूस नाही. एक पाटी, फुलं कापायला दोरीनं बांधलेली सुरी, आणि एक लोखंडी पेटी. फुलं कापायची, मोजायची आणि पेटीत पैसे टाकायचे. जर्मनीत अशी वावरं बऱ्याच ठिकाणी दिसतात. नात पाच वर्षांची. तिला फुलांचं काही नव्हतं. तिला पेटीत नाणं पडल्याचा आवाज ऐकायचा होता. मी नोट टाकायला निघालो तर रडायला लागली, कारण नोटेचा आवाज येत नाही. शेवटी नाणी शोधली. ठण्ण! तो आवाज माझ्या फार वर्मी लागला. त्या रात्री मी हिला राइसप्लेटचं सांगितलं.

मला वाटलं होतं, ती रागावेल. ती म्हणाली, "मला टॅक्सीतच कळलं होतं. तुम्ही 'असतील' म्हणालात." मग तिनं हिशेबाची वही काढली. ही वही ती फ्रँकफुर्टलाही घेऊन आली होती. युरोचे रुपये करून कोथिंबिरीचा भाव लिहायची. तिनं 'देणं' या सदराखाली लिहिलं: अण्णा, ४६०. "परत जाताना देऊन टाकू," म्हणाली. विषय संपला. तीन महिने मी ज्याला नैतिक पेचप्रसंग म्हणत होतो, तो हिनं एका ओळीत बसवला.

परत येताना विमान रात्री एकला उतरलं. आम्ही सरळ त्याच हॉटेलात गेलो. काउंटरला दुसराच पोरगा होता. सकाळी अण्णा आले. मुंबईचं घड्याळ अजून दहा मिनिटं पुढेच होतं. मी पाकीट पुढे केलं आणि वर्गात प्रस्तावना करावी तशी प्रस्तावना केली. अण्णांनी चष्मा वर केला.

"दोन राइसप्लेट, दोन ताक. होय होय. आठवला. तो मिटला साहेब, तेव्हाच मिटला."

"मिटला म्हणजे?"

"सकाळी आम्ही किचनच्या चिठ्ठ्या आणि गल्ला जुळवतो. चारशे साठ कमी. पोरगा म्हणाला, माझी चूक, आणि खिशातून काढून गल्ल्यात टाकले. मी म्हटला राहू दे." अण्णा थोडे थांबले. मग पंच्यानं काउंटरची काच पुसत म्हणाले, "खरा सांगतो साहेब, एकदाच म्हटला. दोनदा नाही म्हटला."

मी काही बोललो नाही. एकदाच म्हणणारा आणि एकदाही न म्हणणारा, असे आम्ही दोघं काउंटरच्या दोन बाजूंना उभे होतो.

"तो काही म्हणाला का? आमच्याबद्दल?" हिनं विचारलं.

"म्हणाला, काका घाईत होते, त्यांच्या लक्षात नाही आला. म्हातारी माणसं."

पाकीट अण्णा घेईनात. "माझे मला मिळाले. दुसऱ्यांदा कसे घेऊ?" हे बरोबर होतं. मग पोराला द्यावे म्हटलं, तर पोरगा महिन्यापूर्वी कतारला गेलेला, तिथल्या एका हॉटेलात. अण्णांनी फोन लावून पाहिला. नंबर बंद. "तुमच्याच बाजूचा होता की," अण्णा म्हणाले. "तुम्हाला नाही बोलला? जतचा." आणि खणातून त्याच्या आधार कार्डाची झेरॉक्स काढून त्यांनी गावाचं नाव वाचून दाखवलं. जत तालुका, जिल्हा सांगली. माणसाचं नावही मला तेव्हाच समजलं. ज्यानं आम्हाला उठवलं, चहा पाजला, आमच्या बॅगा वाहिल्या, त्याला मी ना नाव विचारलं होतं ना गाव. रजिस्टरमध्ये आमचे चार रकाने भरून घेतले होते. त्याचा एकही भरायचं आम्हाला सुचलं नव्हतं.

'हॉटेलवाल्यांना काय फरक पडतो' हा माझा चौथा मुद्दा तुम्हाला आठवत असेल. तो चारांतला सगळ्यात भक्कम मुद्दा होता आणि तोच सगळ्यात खोटा निघाला. एकतीस वर्षं नीतिशास्त्र शिकवून जे कळलं नव्हतं, ते अण्णांच्या गल्ल्यानं शिकवलं: आपण बुडवलेले पैसे मालकाचे बुडत नाहीत, सरकारचे बुडत नाहीत, कंपनीचे बुडत नाहीत. नुकसान पाण्यासारखं असतं. ते उतारानं खाली येतं आणि सगळ्यात खाली जो उभा असेल त्याच्या पायाशी साचतं. अंगठी घालून अदृश्य झालेल्या माणसाला कुणी पाहत नाही, हे प्लेटोनं सांगितलं. त्या अंगठीतून आपल्यालाही समोरचा दिसेनासा होतो, हे मला स्वतःच्या खर्चानं शिकावं लागलं. चुकलो. त्या पोराच्या खर्चानं.

मी हिला सुचवून पाहिलं, की ज्याचे त्याला देता येत नसतील तर दुसऱ्या कुणा गरजूला द्यावेत. अनोळखी माणसाचं ऋण अनोळखी माणसालाच फेडायचं, असा एक उदात्त विचार आहे. ही म्हणाली, "विचार चांगला आहे. पण त्याचे आईवडील जतला आहेत." उदात्त विचारांची हीच अडचण असते, जवळपास पत्ता निघाला की ते कोसळतात. आणि पैसे पोस्टानं पाठवतो म्हटलं, तर म्हणाली, "पोस्टानं पैसे जातील. तुमची चूक होती हे कोण सांगणार? तिकडे ते पोर अजून समजतंय, आपलीच चूक."

तेव्हा मिरजेला आल्यावर वहीतलं 'अण्णा' खोडून तिनं तिथे 'त्या मुलाचे' असं लिहिलं. पाकीट देव्हाऱ्याखालच्या खणात आहे. मध्यंतरी दूधवाल्याला सुटे हवे होते म्हणून त्यातून साठ घेतले, ते संध्याकाळी परत ठेवले. ठेवताना 'त्या मुलाचे साठ ठेवले हो' असं ही मोठ्यानं म्हणाली. सायकलवाल्याला ऐकू जावं म्हणून नव्हे. मला.

जायचं दोनदा ठरलं आणि दोनदा राहिलं. एकदा माझा गुडघा, एकदा पुतणीचं केळवण. तिसऱ्यांदा मी पावसाचं म्हणून पाहिलं, पण जतला जायचं म्हटल्यावर पावसाची सबब कुणी ऐकून घेत नाही. एसटी मिरजेहून जाते. हिला बायकांचं अर्धं तिकीट, मला पासष्टीच्या पुढचं म्हणून अर्धं. म्हणजे सरकारनंही आमच्यासाठी काही कारण शिल्लक ठेवलेलं नाही. येत्या रविवारी निघतो आहोत. कॅलेंडरवर हिनं लाल पेन्सिलीनं एसटी काढून ठेवलीय. तीही बदकासारखीच दिसते.